लटारूभाऊंचा मास्टिगोफोरा

चिमूरकडे शंकरपटात बैलजोडी पळवावी तर लटारूभाऊंनीच. खांद्यावर दुपट्टा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, हातात चामडी चाबूक. शर्यतीत चाबकाला कायद्यानं बंदी आली, तेव्हा म्हणाले, "पटात बंदी हाये, वावरात नाई!"

यंदा पट आठवड्यावर आला आणि त्यांचा चांद्या बैल मागं पडायला लागला. अंग तापलेलं, डोळ्यांतून पाणी. लेक रंजीता कॉलेजच्या सुटीत घरी प्राणिशास्त्र घोकत बसलेली.

"बाबा, याचं रक्त तपासा. गोमाशी चावून सर्रा झाला असन. रक्तात चाबूकवाले जंतू असते त्याच्यात."

"जंतूले चाबूक?"

"हावो. शेपटीसारखा. लॅटिनात फ्लॅजेलम, म्हंजे बारका चाबूक. ग्रीकात मास्टिक्स म्हंजे चाबूक, फोरोस म्हंजे धरनारा, म्हनून या जंतूंच्या गटाले मास्टिगोफोरा म्हनते. आपल्या पुस्तकात त्या शेपटीले कशाभिका. संस्कृतात कशा म्हंजे बी चाबूकच."

"साऱ्या दुनियेचा कारभार चाबकावरच हाये म्हन ना!" लटारूभाऊ खदखदून हसले. "बैल कामचोर झाला, बस."

सरावात चांद्या दोनदा बसला. दोनदा त्याला चाबकानं उठवलं. तिसऱ्यांदा तो उठला नाही. तो मेल्यावर गुरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं: सर्राच. "आधी आणला असता तर इंजेक्शन होतं," एवढंच बोलले.

पण पानठेल्यावर लटारूभाऊंना नवं बळ आलं. "माया चाबकानं नाई मेला गा! त्याच्या रक्तातच लाखो चाबूकवाले होते. मास्टिगोफोरा! इचारा पोरीले." रंजीता समोरून चाललीच होती. "सांग वो, काय अर्थ हाये त्याचा?"

ती थांबली. "चाबूक धरनारा. मारनारा नाई, बाबा. थो जंतू चाबूक हालवते सोता पोहाले. चांद्याच्या पाठीवर त्याचा एक बी वळ नाई."

खर्रा घोटता घोटता ठेलेवाल्या मोहसीननं मान वर केली. "मंग वळ कोनाचे हायेत, लटारूभाऊ?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. लटारूभाऊ थुंकले आणि उठले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "गुणा, इचं कॉलेज बंद."

"काऊन?"

"लय अर्थ सांगून राह्यली."

नवा बैल महिन्याभरात दावणीला आला. रंजीताची पुस्तकं गुणाबाईनं माळ्यावर टाकली. बैलाला चारा आता रंजीताच घालते.