तुरीच्या डाळीएवढी मावशी

कोहमाऱ्याच्या चौकात माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि या धंद्यात माझं डोकं फिरवणारा एकच शब्द आहे, 'मोठा'. ट्रकवाले येतात, मोबाइल पुढं करतात, "भैया, इसको बड़ा कर दो." किती? "जितना होता है." एखादा दुप्पट मागतो. लांबी-रुंदी दुप्पट करून हातात दिली की म्हणतो, हा तर चौपट झाला, आधीचे चार मावतील यात. बरोबरच आहे त्याचं. लांबीही दुप्पट, रुंदीही दुप्पट, म्हणजे जागा चौपट होणारच. पण एवढं समजावून सांगेपर्यंत माझा चहा पाणी होऊन जातो.

त्यामुळं गेल्या उन्हाळ्यात खुद्द माझी माय एक फोटो मोठा करायला घेऊन आली, तेव्हा मी आधी तोंड वाकडंच केलं.

पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा फोटो. तिचं माहेर चोरखमाऱ्याकडचं. सगळं कुटुंब गावतलावाच्या पाळीवर उभं होतं. आमच्या लोकांना तलावाचं भारी कौतुक, म्हणून अर्धा फोटो पाण्यालाच दिलेला आणि माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी. डावीकडून तिसरी, मायची धाकटी बहीण. त्याच वर्षी तापानं गेली, तेरा वर्षांची होती. तिचा दुसरा फोटो नाही, आणि यात तिचा चेहरा तुरीच्या डाळीएवढा.

"तिचं बोलणं आठवते मले, हासे कशी ते आठवते," माय म्हणाली. "पण तोंड आता सरकून राहिलं. तिले पाह्यलेलं माह्याशिवाय कोणी उरलं नाई बापू. मी विसरली का संपलं."

माझी चिडचिड जागच्या जागी विरघळली. मी तिला स्टुलावर बसवलं आणि फोटो कॅमेऱ्याखाली घेतला.

"दुर्बीण लावली का?" तिनं विचारलं. मग मला शिकवायचा चेव चढला. म्हटलं, ही जवळून टिपणारी लेन्स आहे, एकास एक. म्हणजे फोटोतला चेहरा कॅमेऱ्याच्या आत तेवढाच उमटतो, डाळीएवढाच. हे लेन्सचं काम. तिथून पुढं तो कागदावर खऱ्या चेहऱ्याएवढा करायचा तर तीस पट वाढवावा लागेल, ते आपलं काम. पण लेन्सला जे मिळालं नाही, ते कागदावर कितीही वाढवलं तरी येत नाही.

"म्हंजे मुरमुरा," माय म्हणाली. "फुगला, पन दाना तोच."

गिऱ्हाइकांना हेच समजावता समजावता माझे केस पिकले. तिनं ते एका दमात उरकलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्यासाठी दुसरा चहा मागवला.

पण पडद्यावर तीस पट वाढवलेला चेहरा पाहिला आणि माझं मन खट्टू झालं. नाक म्हणजे एक डाग, डोळे म्हणजे दोन. हे मायला कसं दाखवू? हल्ली चेहरे आपोआप भरून देणारं सॉफ्टवेअर आलं आहे. माय घरी गेल्यावर मी ते चालवलं. क्षणात एक देखणी पोरगी तयार झाली, पापण्यांच्या केसांसकट. मी फ्रेम करून संध्याकाळी मिरवत घरी नेली.

मायनं बराच वेळ पाहिलं. "सुंदर हाये," ती म्हणाली. "कोन होय हे?"

"तुझी बहीण!"

"मंग भिवईवरची खोक कुठी गेली?"

मला त्या खोकेची काहीच माहिती नव्हती. सॉफ्टवेअरला तरी कुठून असणार?

"मीच ढकललं होतं तिले, पाळीवरून. गोट्यावर पडली." मायनं फ्रेम पालथी घातली. "हे घरात नोको ठेवू. आठ दिवस पाह्यलं का मले हेच तोंड आठवन. मंग तिचं कुठी शोधू मी?"

मला आधी राग आला आणि मग फार लाज वाटली. त्या पोरीचा खरा चेहरा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, मायच्या डोक्यात, आणि मी तोच पुसायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी ते सगळं खोडलं. काही न भरता, काही न सुधारता, साधा तीस पट मोठा प्रिंट काढला आणि दुपारी जेवायला गेलो तेव्हा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं चष्मा लावला, कागद नाकाशी नेला, बोट फिरवलं.

"रवा सांडल्यावानी दिसते," ती म्हणाली.

"मग आता मी काय करू माय?" माझा आवाज चढलाच. "यात आहे तेवढंच आहे!" कागद उचलला आणि तरातरा अंगण ओलांडून फाटकाकडं निघालो.

"थांब!"

मी वळलो. कागद छातीशी तसाच होता, तोंड तिच्याकडं.

"काऊन?" मी खेकसलो.

"उभा राह्य म्हंते ना. आनखी मांगं सर."

सरकलो. पाठ फाटकाला टेकली. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हायवेवरचं होर्डिंग जवळून पाहिलं तर नुसते ठिपके असतात. जितकं मोठं करावं तितकं लांबून पाहावं. होर्डिंगवाल्यांना मी हे रोज ऐकवतो, आणि घरी मायच्या नाकाला कागद लावून बसलो होतो.

मला फोटो दिसत नव्हता. माय दिसत होती. आधी तिनं डोळे बारीक केले, मग तिचा हात आपोआप स्वतःच्या भिवईकडं गेला. मला ऊन लागत होतं, दंड भरून आले होते, पण हलायची हिंमत झाली नाही.

इतकी वर्षं ती मावशीबद्दल बोलायची ते बरोबरीच्या बाईबद्दल बोलावं तसं. जणू दोघी सोबतच म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"केवढीशी होती वो तू," माय फोटोला म्हणाली.