बसल्याबिगर घंटी न्हाई

कंडक्टरकाकांना एस.टी.तून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती. तरी कुणी घरी येऊन उभं राहिलं की त्यांचा उजवा हात आपोआप डोक्याच्या वर जायचा आणि तिथेच थांबायचा, घंटीची दोरी शोधत असल्यासारखा. पाहुणा खाटेवर नीट टेकला की मगच हात खाली यायचा आणि बोलणं सुरू व्हायचं. "बसल्याबिगर घंटी न्हाई," ते म्हणायचे. "नवा होतो तवा एका म्हातारीचा तोल गेला माझ्या घंटीनं. मनगट मोडलं बिचारीचं. तवापासून न्हाई."

मी त्यांची भाडेकरू. आमचे हे खोदाईचं पोकलेन मशीन चालवतात. रस्त्याचं काम जिथे, तिथे आमचा संसार. मी गुहागरकडची, सातवीत शाळा सुटली, आणि लग्नानंतर एकदम हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावी येऊन पडले. हे सकाळी सातला जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. तोवर मी दोन खोल्यांत फिरत असायचे. गॅस बंद आहे का, कडी लावली का, पुन्हा गॅस बंद आहे का. काकांच्या ओट्यावर चहाला गेले तरी खुर्चीच्या कडेवरच टेकायचे. काका बघायचे. "तू अर्धीच बसतीस, माय. पुढच्या स्टापला उतरायचंय का?"

मी हसून वेळ मारून न्यायचे. पण खरंच माझी बॅग भरून खाटेखाली ढकललेली होती. आईकडे जायचं रोज ठरायचं आणि रोज राहायचं.

आमच्या घराच्या पलीकडे हळदीचं शेड होतं. हंगामात तिथे हळद शिजायची, पॉलिशचा ड्रम दिवसभर खडखडायचा आणि मजुरांच्या डब्यातल्या तुकड्यांवर एक पिवळट मांजरी जगायची. हंगाम संपला, मजूर गेले, शेडला कुलूप लागलं. मांजरी राहिली. कुत्री मागे लागली की ती हमरस्त्याकडे पळायची. तिचं एक पिल्लू ट्रकखाली गेलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा नुसती बघत उभी राहिले होते. आता तिला घरात आणायचं ठरवलं.

गल्लीतल्या बायांनी रीत सांगितली. पोत्यात घालून आण, म्हणजे वाट दिसत नाही. घराभोवती तीन फेऱ्या घाल, म्हणजे दिशा विसरते. मग दारं-खिडक्या लावून घे. मी सगळं तंतोतंत केलं. पोत्याचं तोंड सोडलं आणि घरात वावटळ शिरली. दूध सांडलं, फळीवरचे डबे खाली आले, माझा हात कोपरापर्यंत ओरबाडला गेला आणि मांजरी झरोक्यातून बाहेर. रस्त्याच्या कडेला सिमेंटचे मोठे पाइप टाकून ठेवले होते, त्यातल्या एकात ती शिरली. तिथून ट्रक दहा पावलांवर.

काकांनी आधी मला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. सुई टोचून झाल्यावर विचारलं, "पोत्यात काहून घातलं तिला?"

"वाट विसरावी म्हणून."

"वाट ठाऊक न्हाई ते पॅशिंजर कवा निवांत बसलेलं बघितलंस का? सारखं उठून इचारतं, आलं का, आलं का. ज्याला खिडकी मिळाली ते झोपतं."

रात्री ह्यांनी जेवताना सांगितलं, शनिवारी क्रेन येणार आणि पाइप उचलणार. तो सोमवार होता. मनाशी ठरवून टाकलं, माझ्यामुळे ही मांजरी मेली तर मी इथे राहायचं नाही. बॅग तर भरलेलीच आहे.

मंगळवारी काकांनी माझ्या दाराला आतून एक वीट लावली. दार ना उघडं ना बंद, वीतभर फट. शेडमधलं एक जुनं, हळदीच्या वासाचं गोणपाट मागून आणलं आणि ते दाराच्या आत अंथरलं. दूध-भाकरीची वाटी पाइपाच्या तोंडाशी ठेवली. रोज वाटी थोडी थोडी घराकडे सरकवायची. आणि स्वतः ओट्यावर पाइपाकडे पाठ करून पेपर वाचत बसले.

मी मान वळवून वळवून बघत होते. "बघू नको तिच्याकडं," पेपरामागून आवाज आला. "टक लावून बघितलं की पॅशिंजर उतरून जातं."

"काका, हिला नाव काय ठेवू?"

"चढल्याबरोबर कुणाला नाव इचारतेत का? कुठं उतरणार तेवढं इचारायचं."

तेव्हापासून ती पॅशिंजरच झाली. बुधवारी वाटी ओट्याच्या पायरीशी आली. गुरुवारी एका ट्रकचा हॉर्न वाजला आणि ती उलट्या पावली पाइपात गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मी रडकुंडीला आले. "काका, उचलूनच आणू या ना! परवा क्रेन येणार!"

"आण. अन् मंग झरोका बुजव, फट बुजव, सगळंच बुजव. ते घर व्हईल का पोतं?"

त्या रात्री मी गॅस बघायला सात वेळा उठले.

शुक्रवारी दुपारी मी भाकऱ्या करत होते. मागे काही तरी हललं. वळायचं नाही हे पाठ झालं होतं, तशीच थापत राहिले. बऱ्याच वेळाने तिरप्या नजरेनं पाहिलं. पॅशिंजर गोणपाटावर उभी होती. फटीकडे बघत होती, झरोक्याकडे बघत होती. फटीबाहेर काका उभे, हात डोक्याच्या वर. मांजरी एकदा बाहेर गेली, पुन्हा आत आली, गोणपाटावर गोल फिरली आणि बसली. काकांचा हात खाली आला.

शनिवारी क्रेन आली. पाइप उचलताना जो खणखणाट झाला त्यानं पॅशिंजर खाटेखाली पळाली, माझ्या बॅगमागे. तिला बघायला काका वाकले आणि बॅग त्यांना दिसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बॅग ओढून काढली, धूळ झटकली आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवली. "लपवून काहून ठेवलीस? दिसंल अशी ठेव. नांदेडची गाडी सातला, हिंगोलीची साडेसातला. कवा बी जा."

आणि मी गेले नाही.

दीड वर्षाने काम संपलं, आमचा मुक्काम मेहकरकडे हलला. टेम्पो भरला. टोपली उघडी ठेवली होती. पॅशिंजर तिच्यात शिरली, वास घेतला, बाहेर आली आणि काकांच्या खाटेवर चढली. "तिचा स्टाप आला, माय," काका म्हणाले. मी पुढे नीट बसल्याची खात्री करून त्यांनी टेम्पोच्या फळीवर दोन थापा मारल्या. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "मांजर बसलीय. तू बसलीस का?" मी दर वेळी विषय बदलायचे.

या संक्रांतीला मीच फोन लावला, तो त्यांच्या लेकीनं उचलला. काका गेले होते. घराला कुलूप लावायचं होतं, आणि मांजर ओट्यावर होती, कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

मी तोवर एकटी कधी एस.टी.त बसले नव्हते. दुसऱ्या दिवशी बसले. डोंगरकड्याला पोचल्यावर टोपलीत काकांचा खाकी शर्ट घातला, ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. लेक दोन दिवस थांबली, तिचे उपकार. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपली जड लागली.

गाडीत कंडक्टर एक तरणी बाई होती. "ताई, तोंड बांधा की टोपलीचं. न्हाई तर पोत्यात घाला."

"नको. तिला वाट दिसू द्या. फक्त ती बसेपर्यंत घंटी देऊ नका."

"मांजरासाठी गाडी थांबवू व्हय?" मागून कुणी तरी हसलं. पण कंडक्टरबाईचा वर गेलेला हात दोरीवर तसाच थांबला.

पॅशिंजर माझ्या मांडीवर उभी राहिली. खिडकीतून शेड बघितलं, ओटा बघितला. मग शर्टावर गोल फिरली.

"बसली," मी म्हणाले.

दोन घंट्या वाजल्या. वारंगा फाटा मागे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, माझी पाठ सीटला टेकलेली होती.