दिले आणि घेतले

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास एका शब्दात सांगता येतो: हरलो. वसईतल्या भुईगावात माझ्या वडिलांनी तो काढला, कारण जुन्या क्लबने त्यांना तीन वर्षं नुसतं राखीव बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून लीगच्या तक्त्यात तळाची जागा जणू आमच्या नावावरच होती. वडील अध्यक्ष, मी गोलकीपर. अध्यक्षांचा मुलगा यापलीकडे माझ्यात काही गुणवत्ता नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा लीगमध्ये सहा क्लब होते आणि सहाही एकमेकांवर संशय घ्यायचे. तक्ता लिहिणारा ज्या गावचा, ते गाव आपोआप वर चढतं असा सगळ्यांचा समज होता. तो खराही होता. शेवटी ठरलं, तक्ता त्रयस्थाने करायचा आणि त्याचा शब्द अंतिम. त्याच बैठकीत आणखी एक नियम झाला: तळाच्या क्लबने पुढच्या वर्षी बाहेर पडायचं. तो वाचून दाखवताना सगळे छताकडे बघत होते. वडिलांचं त्या दिवसापासून जेवणात लक्ष लागेना. क्लब गेला असता, तर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्यांना जायला जागाच उरली नसती.

त्रयस्थ मी शोधला. माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ, मूळचे सांगलीचे, नुकतेच एव्हरशाईन सिटीच्या नव्या इमारतींत राहायला आलेले. इथे त्यांना गाव नाही, चर्च नाही आणि फुटबॉलची आवड तर मुळीच नाही. एवढा निःपक्षपाती माणूस अख्ख्या वसईत मिळाला नसता. सामना बघायला ते एकदाही आले नाहीत. दर सोमवारी मी सगळ्या क्लबांच्या चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर ठेवायचो, 'दिले चार, घेतला एक' अशा, आणि ते सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचे.

मे महिन्यात चर्चच्या आवारात तक्ता लागला. पहिला नंबर आमचा. सगळे सामने जिंकलेला नंदाखालचा क्लब तळाला.

घोळ शब्दांचा होता. आमच्याकडे गोल समोरच्याला देतात, आणि ज्याच्या जाळ्यात तो जातो तो बिचारा घेतो. सांगलीकरांच्या मते देणं म्हणजे हातचं जाणं आणि घेणं म्हणजे पदरात पडणं. त्यामुळे मोसमभरात मी घेतलेले एकतीस गोल आमचा पराक्रम ठरले होते.

लगेच बैठक भरली. सांगलीकर शांतपणे म्हणाले की नियमाप्रमाणे त्यांचा शब्द अंतिम आहे. नंदाखालवाले मारायलाच उठले. पण खालचे दोन क्लब आमच्याबरोबर वर आले होते, त्यांना सांगलीची मराठी एकदम पटली. मग 'दिले' या शब्दाच्या अर्थावर हात वर करून मतदान घ्यायचं ठरलं. तीन विरुद्ध तीन होणार आणि तक्ता आहे तसाच राहणार, हे उघड होतं. आमच्या क्लबतर्फे मी हात वर केला.

वडिलांनी तो धरून खाली घेतला.

“आमी एकतीस गोल घेतले,” ते म्हणाले. “सगळे माझ्या पोरानं घेतले. मी बघत होतो.”

मला त्यांचा भयंकर राग आला. क्लब त्यांनीच काढला होता आणि त्यांनीच, चारचौघांत माझी लाज काढून, बुडवला.

इथल्या क्रियापदांचा भरवसा नाही, असं सांगून सांगलीकरांनी काम सोडलं. पुन्हा त्रयस्थाची शोधाशोध झाली. आता भुईगावात फुटबॉल कळणारा, तरी कुठल्याच क्लबमध्ये नसलेला एकच माणूस होता. वडिलांची निवड एकमताने झाली. पुढच्या मोसमात मिस्सा सुटल्यावर ते पाच क्लबांचे सामने बघायचे आणि सोमवारी तक्ता लावायचे. पाच नावांखाली ते सहावी ओळ आखायचे आणि तिच्यात आमचं नाव लिहायचे: खेळले शून्य, दिले शून्य, घेतले शून्य. कोणी हरकत घेतली नाही. त्यांचा शब्द अंतिम होता.

शेवटचा तक्ता लावला तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी सहाव्या ओळीवरून बोट फिरवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“यंदा तू एकपण घेतला नाय,” ते म्हणाले.