टीपॉयखालचा डाग

दिवाळीच्या साफसफाईच्या यादीत मी गालिचा सगळ्यात वर लिहिते आणि तो एकटीच झटकते. गालिचा सासूबाईंच्या माहेरचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यावर साडी पसरून इस्त्री करताना मी तो जाळला. तेव्हापासून त्या डागावर टीपॉय आहे.

यंदा माझी कंबर धरली, म्हणून सासूबाई मदतीला गच्चीवर आल्या. कठड्यावर टाकलेल्या गालिच्यावर त्यांनी काठी हाणली. उन्हात धूळ उडाली आणि ती खाली बसली तेव्हा इस्त्रीच्या आकाराचा तो तपकिरी डाग नेमका त्यांच्यासमोर होता. मी डागावरून नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं.

"अशी बघतेस काय? तू ऑफिसला गेलीस की टीपॉय सरकवून केर कोण काढतं गं?"

म्हणजे वीस वर्षं! ज्या माणसापासून आपण डाग लपवतो, तेच माणूस रोज तिथली धूळ काढून टीपॉय परत जागेवर ठेवत असतं.

खाली आल्यावर मी गालिचा अंथरला आणि टीपॉय खिडकीशी सरकवला. खोली एकदम मोठी वाटली. सासूबाई डागावरच पाय पसरून चहा प्यायल्या.