भर दुपारचा कंदील

माझी माय भर दुपारी पेटलेला कंदील हातात धरून गावातून चालायची. वर वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेला फुफाटा, आणि हिच्या हातात काच पुसून लख्ख केलेला कंदील. नवखा माणूस थांबून बघत राहायचा. गावातली पोरं मागे लागायची. "कंदीलबुढी, सूर्य सापडला काय वो?" माय न वळताच म्हणायची, "सापडला. तुह्या बापाच्या धोतरात हाय." आणि पुढे चालू लागायची. तेव्हा ती फार तर पंचेचाळीस वर्षांची असेल. पण आमच्याकडे बाई विधवा झाली की बुढी व्हायला वेळ लागत नाही.

आमचं गाव इंझोरीच्या बाजूला. ज्वारी पेवात ठेवायची पद्धत तेव्हा होती. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत खणलेली ती कोठी. तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं. आतून कडबा लावून ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. वर्ष-दीड वर्षानं उघडलं की आत कोंडलेली हवा असायची, तिला आम्ही वाफ म्हणत असू. तिला रंग नसतो. आंबूस वास येतो, तो ज्वारीचा आहे असं वाटतं. तिच्यात उतरलेला माणूस हाक मारायच्या आत खाली बसतो आणि उठत नाही. माझा बाप असाच गेला. मी तेव्हा रांगत होतो. पाटलाच्या पेवात उतरणं हे आमच्या बौद्ध वस्तीच्या वाट्याचं काम. पाटलाच्या घरचं कोणी उतरल्याचं मला आठवत नाही.

बाप गेल्यापासून गावात कुणाचंही पेव उघडणार असलं की माय कंदील घेऊन हजर. बोलावणं नसायचं, मजुरी नसायची. फरशी बाजूला झाली की ती दोरीला कंदील बांधायची आणि हळूहळू आत सोडायची. ज्योत आधी बारीक व्हायची, मग निळसर, मग नाहीच. "इझला. कोनी उतरू नका," एवढं बोलून ती पेवाच्या तोंडाशी फतकल मारून बसायची. ऊन कलल्यावर पुन्हा कंदील सोडायची. तळाला जाऊन तो जळत राहिला तरच उठायची. एकदा पाटील वैतागून म्हणाले, "धुरपते, तुह्या कंदिलापायी माहे चार मानसं बसून राह्यले."

"बसू द्या, पाटील," माय म्हणाली. "निजण्यापरीस बसलेले बरे."

आमच्या वस्तीतल्या शिकलेल्या तरण्यांनाही ते आवडत नसे. एक जण तिला म्हणाला, "धुरपतामाय, विहारात पंचशील म्हणता आन दुपारचा दिवा घेऊन फिरता. ही देवदेवस्कीच झाली की." तिनं त्याला शांतपणे सांगितलं, "देव त म्या माह्या हातानं पान्यात सोडले, बापू. वाफ कोन्या पान्यात सोडू?"

लोक आता म्हणतात की बुढी मोठी धीराची होती. ती धीराची नव्हती. फरशी हलू लागली की तिचे हात कापायचे, दोरीची गाठ दोनदा सुटायची, ओठ पांढरे पडायचे. मी लहानपणी तिला विचारलं होतं, "माय, तुले एवढं भेव लागते त जाते काहून?" ती म्हणाली, "भेव लागते म्हनूनच त जानं पडते. ज्याले लागत नाई तो उतरते."

आता त्या दिवसाचं सांगतो. इतकी वर्षं कागद घेऊन बसायचो आणि इथवर आलं की उठायचो.

दुष्काळ सरल्याच्या पुढचं वर्ष होतं. मी वाशिमला कॉलेजात शिकत होतो, एकोणीस वर्षांचा, सुट्टीत गावी आलेला. माझा मोठा भाऊ पाटलाकडे सालानं, वर्षाच्या बोलीवर, कामाला होता. त्याला मी दादा म्हणायचो. त्याच्या कमाईतून माझी फी जायची. त्याला दोन लेकरं, सुजाता पाच वर्षांची आणि राहुल दोन वर्षांचा. त्या दिवशी पाटलाचं मोठं पेव उघडणार होतं आणि माय तापानं फणफणली होती. उठायला गेली आणि उंबऱ्यातच बसली. वहिनीनं तिला आत नेऊन निजवलं. मायनं मला जवळ बोलावलं, कंदील पेटवून माझ्या हातात दिला.

"तळाले जाऊ दे. मंधात थांबवू नको. इझला त दादाले उतरू देऊ नको. पाटील काय म्हनते ते आयकू नको."

"बरं."

"बरं नाई. मले तसं सांग."

"विझला तर उतरू देणार नाही," मी म्हणालो.

मी निघालो. रस्त्यात बाया हसल्या, "कंदीलबुढीचा वारस निघाला वो." मी मान खाली घातली. पाटलाच्या अंगणाच्या कुंपणापाशी आलो तर आत पाटलाचा मुलगा खाटेवर बसलेला. तो माझ्याच वर्गात होता. कॉलेजात मी पांढरा शर्ट घालून त्याच्या बाकावर बसायचो. वर्गात कार्बन डायऑक्साइडवरचं उत्तर मीच उभं राहून दिलं होतं. आणि आता भर दुपारी त्याच्यासमोर दोरीला कंदील बांधून वाकायचं. मी कुंपणाबाहेर थांबलो, कंदील फुंकला आणि बाभळीच्या फांदीला अडकवून आत गेलो.

फरशी काढून गडी पोती आणायला गेले होते, आणि दादा बैल सोडून तेव्हाच आला होता. डोक्याला फडकं बांधत त्यानं विचारलं, "मायनं कंदील नाई देला?"

मी म्हणालो, "दिला ना. तू बैलांकडे होतास तेव्हाच सोडून पाहिला. ठीक आहे."

"तळाले गेला होता?"

"हो."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. मी शिकलेला होतो आणि त्याचा भाऊ होतो. तो दोरीला धरून उतरला. आतून त्याचा आवाज आला, "ज्वारी त चांगली निंगाली हो. कीड नाई. वरच्या अंगाले जराशी..." आणि आवाज थांबला.

मी अजूनही त्या वाक्याच्या पुढच्या शब्दाची वाट पाहतो. वरून आम्ही हाका मारल्या. एकानं कमरेला दोर बांधून, तोंडावर ओलं फडकं लावून अर्ध्यापर्यंत जायचा प्रयत्न केला, त्याला गुंगी आली म्हणून ओढून घेतलं. दादाला बाहेर काढेपर्यंत ऊन उतरलं होतं. त्याच्या केसांत ज्वारीचे दाणे होते.

माय तापात उठून भिंतीला धरत अंगणात आली होती. ती रडली नाही. लोक दूर होईपर्यंत थांबली, मग माझा हात धरून तिनं विचारलं, "सोडला होता?"

मी म्हणालो, "हो."

"तळाले गेला?"

"गेला."

"इझला नाई?"

"नाही."

बोलायची वेळ तीच होती. एक शब्द पुरला असता. तिनं माझा हात सोडला आणि म्हणाली, "मंग त्या कंदिलाचं काही खरं नाई."

मी भावाला मारलं ते एका खोट्यानं. त्यानंतर दुसऱ्या खोट्यानं मी मायजवळचं एकमेव खरं काढून घेतलं. जगात वाफ आहे आणि ती ओळखायची एक रीत आहे, या भरवशावर ती इतकी वर्षं भीतीला तोंड देत होती. आता रीत गेली आणि भीती तेवढी उरली. गावात पेव उघडलं तरी ती जाईना. बोलवायला कोणी आलं तर म्हणायची, "नका येऊ बाप्पा. तो दिवा झूट बोलते."

त्यानंतरची माय त्या दोन लेकरांच्या मागे मागे फिरणारी होती. वहिनी मजुरीला जायची, लेकरं मायजवळ. ती त्यांना धान्याच्या खोलीत जाऊ देत नसे. विहिरीच्या बाजूनं नेत नसे. कामरगावच्या बाजाराला जाताना एसटीत बसली की खिडकी बंद करू देत नसे, कंडक्टर ओरडला तरी. आणि लेकरू नजरेआड झालं की तिचं एकच सुरू व्हायचं, "बोलत राह्य रे." राहुल भिंतीआड लघवीला गेला तरी, "राहुल, बोलत राह्य." तो तिकडून ओरडून पाढे म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार. पाढा अडखळला की माय धावत सुटायची, पदर कुठे, चप्पल कुठे. एकदा राहुलनं गंमत म्हणून मुद्दाम गप्प राहून पाहिलं. माय भिंतीला वळसा घालून पोचली तेव्हा तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. त्यानंतर त्या पोरानं ती गंमत कधी केली नाही.

मी पुढे मास्तर झालो. लग्नाला नकार देत राहिलो. पगार वहिनीच्या हातात देत होतो. लोक म्हणायचे, असा दीर मिळायला भाग्य लागतं. मी ते ऐकून घेत होतो.

तीन वर्षांनी आमच्या गल्लीतल्या गणपतला पेवात उतरायचं होतं. त्याच्या बायकोनं मायला विचारलं, माय म्हणाली, "माह्याजवळ इलाज नाई." मी ओट्यावर बसून वह्या तपासत होतो. गणपत दोरी खांद्यावर टाकून निघाला, आणि मी वह्या तिथेच टाकल्या. आत गेलो, त्या रात्री बाभळीवरून आणून मीच आढ्याला टांगलेला कंदील काढला, तेल घातलं, पेटवला आणि धावलो. या वेळी गावानं मला पाहिलं. पेवाच्या तोंडाशी वाकून मी कंदील सोडला. पुरुषभर खाली गेला असेल-नसेल, ज्योत निळी झाली आणि विझली.

"गणपत, मागं सर," मी म्हणालो. वर पाहिलं तर माझ्या मागं धावत आलेली माय समोर उभी होती.

ती विझलेल्या कंदिलाकडे पाहत होती. मग माझ्याकडे. मग ती वळली आणि घरी गेली.

मी मागोमाग गेलो. ती चुलीसमोर बसली होती. "माय," मी म्हणालो, "त्या दिवशी..."

"भाकर खाऊन घे."

"माय, माझं ऐक. त्या दिवशी मी कंदील..."

तिनं पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. तो हात कापत होता, पूर्वी पेवाशी कापायचा तसाच. म्हणाली, "मले दोन पोरं होते. आता एकच हाय. नको सांगू. मले भेव लागते."

तिला माझ्या तोंडाचं भय वाटू लागलं होतं. त्यानंतर मी कधी नुसता घसा खाकरला तरी ती उठून कामाला लागायची. मलाही ते सोयीचं होतं. हे लिहिताना त्याचीच लाज जास्त वाटते.

त्यानंतर दोन वर्षांत तिनं अंथरूण धरलं. सुजाता तेव्हा दहा वर्षांची झाली होती. एक दिवस शाळेतून आली ती दप्तर न टाकताच मायच्या खाटेपाशी उभी राहिली. "आजी, पोरी म्हनून राह्यल्या, काकापायी माहा बाबा मेला. खरं हाय?" पाटलाच्या घरातून काहीतरी बाहेर आलं असावं. कुंपणाबाहेर फुंकलेला कंदील कुणी तरी पाहिलाच असणार. मी दारात उभा होतो. राहुल माझं बोट धरून होता.

माय कोपरावर उठली. तिला उठवत नव्हतं. म्हणाली, "इकडं या दोघंई." लेकरं गेली. तिनं त्यांच्या डोक्यावर एक-एक हात ठेवला. "कंदील घेऊन मीच गेली होती. तो तळाले पोचलाच नव्हता, मंधातच अडकला. म्या म्हातारीनं पाह्यलं नाई, उतर म्हनलं. चूक माही हाय. तुमचा काका त्या दिशी वाशिमले होता. तो हितं नव्हताच."

वहिनी चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, मायकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. मी दारातून हललो नाही. बोललोही नाही.

चार दिवसांनी माय गेली.

सुजाता आता मुलींच्या शाळेत शिकवते, राहुल सरकारी नोकरीत आहे. दोघांनी मला बापाच्या जागी मानलं. मायच्या स्मृतिदिनाला सुजाता तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते आणि आपल्या लेकरांना सांगते, "हिच्या हातून एकदा चूक झाली होती. माणसाकडून होते. पण आमी हिला कधी दोष देला नाई. हिनंच आमाले वाढवलं." गेली पंचवीस वर्षं मी त्या फोटोसमोर मांडी घालून हे ऐकतो. दादाची लेकरं आजीला माफ करतात, त्यांची लेकरंही करतात.

सुजाता, राहुल, तुमच्या आजीकडून चूक झाली नव्हती. ती त्या दिवशी घरी तापात पडली होती. कंदील पेटवून तिनं माझ्या हातात दिला होता, आणि काय करायचं ते माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी वाशिमला नव्हतो. पेवाच्या तोंडाशी मी होतो, आणि "ठीक आहे" असं तुमच्या बापाला मी सांगितलं.