भावाच्या विहिरीतलं समुद्राचं यंत्र

समुद्राच्या पोटातली माहिती गोळा करणाऱ्या यंत्रांचं एकच रडगाणं, बॅटरी संपते. मग जहाज घेऊन जा, यंत्र शोधा, वर काढा, चार्ज करा. मी लातूरला कॉलेजात शिकवते अन् किती वर्षं झाली, एका मेणाच्या मागं लागले आहे. वरच्या कोमट पाण्यात मेण वितळून फुगतं, तेलाला रेटतं, तेलानं छोटं जनित्र फिरतं अन् बॅटरी भरते. खालच्या गार पाण्यात ते पुन्हा थिजतं. यंत्र आपलं खालीवर करत राहतं, कुणी काढायला नको. कागदावर झकास. पण लातुरात समुद्र आणायचा कुठून?

म्हणून लोह्याजवळ धाकट्या भावाच्या शेतावर गेले. मे महिन्यात विहिरीत उडी मारली की छातीला पाणी कोमट अन् पायाला बर्फ, हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. अडचण एवढीच, की मोटार चालली की पाणी ढवळून सगळं एक होतं. चार दिवस मोटार बंद ठेव, असं मी भावाला म्हणाले. विहिरीला लागूनच, याच पाण्यावर त्याची केळी होती, घड धरलेली.

"ठेवतो की, अक्का," तो म्हणाला.

यंत्र विहिरीत सोडलं, तसं गावातलं कुणी ना कुणी बघून जायचं. एकानं विचारलं, "किती एचपीची हाय?" मेणावर चालते म्हटल्यावर, "मग दिवाळीत लावा," म्हणत निघून गेला. मीही हसले. खरं म्हणजे हसायचासुद्धा कंटाळा आला होता.

यंत्र चालत होतं. बॅटरी थोडी थोडी भरत होती. तिसऱ्या दिवशी केळीची पानं दुमडून लोंबायला लागली. भाऊ बांधावर उभा राहून बघायचा अन् माझ्याशी भलतंच काहीतरी बोलायचा. भावजय मात्र भाकरी वाढता वाढता म्हणाली, "वन्सं, तुमचं यंत्र पाण्यात हाय, तसं आमचं बी सगळं पाण्यातच हाय." आता एकच दिवस राहिलाय, असं म्हणायचं होतं. खाली बघून भाकरी मोडत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली अन् मोटार आपोआप सुरू झाली. आमच्याकडं स्टार्टरला ऑटोचं बटण असतं, ते चालू ठेवलं की लाईट येताच मोटार चालते, माणूस शेतात असो नसो. मी पळत जाईपर्यंत यंत्र मोटारीकडं ओढलं जाऊन फुटलं होतं. विहिरीत तेलाचा तवंग पसरला होता अन् पाटातून पाणी केळीकडं धावत होतं.

भाऊ स्टार्टरपाशीच उभा होता.

"बटण बंद करायला विसरलास व्हय रे?"

"न्हाई अक्का. सकाळी मीच टाकलो. बघवंना गेलं." स्टार्टरकडं हात नेत म्हणाला, "बंद करू का?"

"राहू दे चालू," म्हणून मी बांधावर बसले. राग आला, लई आला. हे त्यानं दोन दिवस आधीच, केळीची पानं लोंबायच्या आत का केलं न्हाई, याचा.