ससाण्याच्या अंगावर पारव्याच्या उवा

आमच्या ताईला सगळी गल्ली 'फणी' म्हणते. जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक पाखराच्या पिसांत ती पावडर चोळते आणि पांढऱ्या कागदावर त्याला पिंजारते. उवा खाली पडतात. कुठल्या जातीच्या अंगावर कसल्या उवा, याची तुलना तिथल्या डॉक्टरीणबाई करतात. पारव्याची ऊ काडीसारखी, कावळ्याची पोट सुटलेली. कुणी नाक मुरडलं की ताई ऐकवते, "तुझ्यापेक्षा बऱ्या. आपलं घर सोडून दुसरीकडे जात नाहीत."

आधी ती नुसते पिंजरे धुवायची. हे पिंजारायचं टेबल तिने भांडून मिळवलं, माझीच बहीण ती. परवा त्यावरूनच उठायची वेळ आली. पारव्यानंतर ससाणा घेतला, तर ससाण्याच्या कागदावर पारव्याच्या उवा.

"कागद बदलला नाहीस," बाई म्हणाल्या.

"बदलला. ब्रशही धुतला."

"मग काय चालत आल्या? असंच करणार असशील तर पिंजरेच धू."

ताईचा फोन आला तसा मी उभ्या उभ्या निघालो. अशी माणसं मी पुष्कळ सरळ केलीत. दारातच ताई म्हणाली, "तोंड नंतर चालव, आधी ह्याचे पाय धर." बाईंच्या डोळ्यांदेखत ती ससाणा पुन्हा पिंजारणार होती. कोरा कागद बाईंनी स्वतः अंथरला. मी जाड हातमोजे चढवले, त्या नख्या धरल्या आणि भाषण गिळलं.

कागदावर पुन्हा काडीसारखी एक ऊ पडली. मग दुसरी.

बाई भिंग घेऊन वाकल्या. मग त्यांनी ससाण्याचा पंजा उघडला. नखाच्या बेचक्यात राखाडी पीस रुतलेलं.

"पारवा खाल्लाय ह्याने," त्या म्हणाल्या. "पारवा थंड पडला, तशा ह्या ऊब शोधत वर चढल्या. चुकले गं मी."

"म्हणजे घर सोडतात की," मी ताईला टोचलं.

"घरच कुणी खाल्लं तर काय करतील बिचाऱ्या?" ती म्हणाली. मग बाईंकडे वळून, "आमचे हे बाहेर जेवून आले की शर्टच सांगतो बघा. तसंच झालं."

बाई हसत सुटल्या आणि त्यांनी पुढचा कागद ताईसमोर सरकवला. माझं भांडण तसंच राहिलं होतं, हात शिवशिवत होते.

"एवढा जोर आहे ना अंगात?" ताईने मान वर न करता बादलीकडे बोट दाखवलं. "मग पिंजरे धू."

धुतले. काय करता.